बँडमधला प्रत्येकजण कोणाकडे शिकला?



गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाची तयारी सुरू असताना नववी-दहावीची पाच मुले संगीत विभागाकडे आली. "आम्ही बँड बसवला आहे, आम्हाला पंधरा मिनिटे द्या," अशी त्यांची विनंती होती. आम्ही नकार दिला. खरे सांगायचे तर त्यांचे वाजवणे न ऐकताच दिला. बँड म्हणजे गोंगाट, बँड म्हणजे अभ्यासाकडे दुर्लक्ष, असे आमच्याही मनात कुठेतरी बसलेले होते. मुले काही न बोलता निघून गेली.

त्यानंतर पालकसभेत हा विषय वेगळ्या रूपाने पुढे आला. काही पालकांचे म्हणणे पडले की दहावीपर्यंत संगीताचा तास हवाच कशाला, त्या वेळेत गणिताचा जादा तास घ्यावा. दुसऱ्या काही पालकांनी सांगितले की संगीत शिकवायचे तर भजन शिकवा, शास्त्रीय शिकवा, पण हे बँडचे खूळ मुलांच्या डोक्यात नको. दोन्ही म्हणणी तळमळीची आहेत आणि हा प्रश्न आता विश्वस्तांच्या पुढील बैठकीत निर्णयासाठी येणार आहे. निर्णयाआधी अभ्यास करावा, असे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. तेच आम्ही स्वतः करायचे ठरवले. बँडमध्ये वाजवणारी माणसे मुळात कुठून येतात? त्यांना पहिला सूर कोणी शिकवला? या प्रश्नांचा आम्ही जो मागोवा घेतला, तो या पाठात मांडत आहोत.

'हाँकी-टाँक' म्हणजे काय?

मुलांच्या यादीत 'हाँकी-टाँक रॉक' असा एक शब्द होता. आम्हालाही तो नवा होता, म्हणून आधी त्याचा अर्थ पाहू. अमेरिकेच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागांत कष्टकरी लोक संध्याकाळी जिथे जमत, नाचत, पीत, अशा साध्या गुत्त्यांना 'हाँकी-टाँक' म्हणत. तिथे बहुधा एखादा जुना, सूर उतरलेला पियानो असे. वादक त्याच्याकडून सुरांपेक्षा ठेक्याचे काम जास्त करून घेई. पुढे १९४० च्या दशकात गिटार आणि व्हायोलिनच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या एका गायनशैलीलाही हेच नाव पडले. हँक विल्यम्स हा तिचा सर्वांत प्रसिद्ध गायक.

या हँकला गाणे कोणी शिकवले? त्याची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. आणि अलाबामा राज्यातल्या रस्त्यांवर गाणारे रूफस पेन नावाचे एक कृष्णवर्णीय वादक त्याचे गिटारचे गुरू होते. गोरे आणि काळे यांनी एका बाकावर बसू नये असा त्या राज्यात कायदा होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. गुत्त्यात वाजणाऱ्या संगीताचे एक मूळ चर्चमध्ये आणि दुसरे रस्त्यावर होते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

एका इंग्लिश बँडची हकीकत

१९६२ साली लंडनमध्ये 'रोलिंग स्टोन्स' नावाचा बँड स्थापन झाला. 'हाँकी-टाँक' हा शब्द त्यांच्या १९६९ सालच्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावातच आहे. जगातल्या उच्छृंखल मानल्या गेलेल्या बँडमध्ये त्यांचे नाव वरचे. पण त्यातल्या एकेकाचे बालपण पाहिले तर वेगळेच चित्र दिसते.

गिटारवादक कीथ रिचर्ड्स लहानपणी शाळेच्या गायकवृंदात होता. त्या वृंदाने राणी एलिझाबेथ यांच्यासमोर वेस्टमिन्स्टर ॲबे या लंडनच्या प्रसिद्ध चर्चमध्ये गायन केले होते. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जॅझ वाद्यवृंद चालवीत आणि गिटारची गोडी त्याला त्यांनीच लावली. ब्रायन जोन्सची आई पियानो शिकवीत असे. चार्ली वॉट्स हा ट्रकचालकाचा मुलगा. त्याने हातात आलेल्या बँजोची मान काढून टाकली आणि उरलेल्या गोल भागाचा ढोल करून वाजवायला सुरुवात केली. ते पाहून घरच्यांनी त्याला ड्रमसेट घेऊन दिला. चार्लीचे मन आयुष्यभर जॅझमध्ये होते आणि म्हणूनच त्याचा ठेका इतर रॉक वादकांपेक्षा हलका आणि डौलदार वाटे.

पियानोवादक इयान स्टुअर्ट 'बूगी-वूगी' या हाँकी-टाँकच्या जवळच्या शैलीत तरबेज होता. पण १९६३ साली बँडच्या व्यवस्थापकाला त्याचे रूप तरुण गायकांच्या घोळक्यात शोभेना, म्हणून त्याला अधिकृत बँडमधून वगळण्यात आले. तरीही तो रुसून गेला नाही. १९८५ साली मृत्यू येईपर्यंत सामानाची ने-आण सांभाळत तो त्यांच्याबरोबर पियानो वाजवीत राहिला. छायाचित्रात नसलेला माणूसही सुरात असतो, ही गोष्ट या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे पाहू

परदेशातले उदाहरण पुरे. याहून जवळचे, आणि आम्हाला अधिक मोलाचे वाटलेले उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १९५१ साली भगवानदादांचा 'अलबेला' हा हिंदी चित्रपट आला. त्याची कथाच मुळी आपल्या विषयाची आहे. नाटक-गाण्याचे वेड असलेला एक गरीब घरचा तरुण घरच्यांना निकामी वाटतो, घराबाहेर पडतो आणि मोठा नट होतो. या चित्रपटाच्या संगीतात पाश्चात्त्य ठेका आणि मराठी मातीचा गोडवा दोन्ही आहेत. ते कसे जमले, हे समजण्यासाठी त्या संगीतामागच्या माणसांची शाळा शोधावी लागते.

पहिला माणूस, संगीतकार सी. रामचंद्र. त्यांचे पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांबे या गावी. संगीताचे शिक्षण त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे घेतले. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे रामचंद्रांची पहिली शाळा शिस्तीच्या शास्त्रीय संगीताची. पुढे मुंबईला चित्रपट कंपनीत पेटीवादक म्हणून ते दाखल झाले. चितळकर या नावाने ते गातही असत. २७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकरांनी दिल्लीत पं. नेहरूंसमोर गायिलेले, कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत त्यांनीच स्वरबद्ध केले. आपल्या शाळेत प्रजासत्ताकदिनी हे गीत ऐकताना हेच सी. रामचंद्र 'अलबेला'चेही संगीतकार होते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा माणूस आपल्या गोव्याचा. बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ओळखले जात आणि ट्रम्पेट वाजवीत. अमेरिकेचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत होते आणि लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजत असे. सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक झाले. 'अलबेला'मध्ये तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. या चिकच्या आईची इच्छा मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे मिळवावेत अशी होती, असे सांगतात. पालकहो, ही काळजी आजची नव्हे.

तिसरा आवाज लता मंगेशकरांचा. 'अलबेला'ची गाणी त्यांनी आणि चितळकरांनी गायिली. लतादीदींचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला, पण त्यांच्या गळ्याचे मूळ फोंडा तालुक्यातल्या मंगेशीचे. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ तिथे १९०० साली जन्मले. दीनानाथांच्या आई येसूबाई या देवस्थानाच्या सेवेत असलेल्या कलावंत समाजातल्या. देवळाच्या चौकातले गाणे, कीर्तन आणि मग बळवंत संगीत मंडळीचे नाट्यसंगीत, अशी ती परंपरा लतादीदींपर्यंत आली.

चौथे नाव कावस लॉर्ड यांचे. हे पारशी गृहस्थ. बोंगो आणि तत्सम लॅटिन अमेरिकन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात आणणाऱ्यांत त्यांचे नाव आधी घेतात. त्यांचे पुत्र केरसी लॉर्ड हेही पुढे ॲकॉर्डियन आणि तालवाद्यांचे मोठे वादक झाले. म्हणजे त्यांची शाळा त्यांच्या घरातच होती.

आता हळदोणे आणि मंगेशी ही दोन गावे आठवा. आपल्या कारापूरहून दोन्हीकडे तासाभरात पोचता येते. एक गाव चर्चच्या परंपरेचे, दुसरे देवळाच्या. त्या दोन गावांचे संगीत गोव्यात एका व्यासपीठावर क्वचितच आले असेल. मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र ते शेजारी-शेजारी बसले.

चर्चच्या शाळेत काय शिकवीत?

आपल्या मुलांना देवळातल्या गाण्याची परंपरा थोडीफार ठाऊक असते. वाळवंटीकाठच्या विठ्ठलापुरातल्या विठ्ठल मंदिरात भजन ऐकतच ती मोठी होतात. पण चर्चच्या संगीतशिक्षणाची माहिती आम्हालाही फारशी नव्हती, म्हणून ती थोडक्यात देतो.

पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या शतकापासून, गावोगावच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या. तिथे प्रार्थनेसाठी गायला आणि वाजवायला मुले लागत, म्हणून अक्षरांबरोबर संगीतही शिकवीत. शिकवणाऱ्याला 'मेस्त्रे' म्हणत, म्हणजे आपले गुरुजीच. मूल आधी वाद्याला हात लावीत नसे. आधी 'डो, रे, मी, फा' हे स्वर नावाने म्हणायचे, हाताने ताल द्यायचा आणि पाच आडव्या रेघांवर लिहिलेले स्वर डोळ्यांनी वाचून गळ्यातून काढायचे. हे पक्के झाले की मग व्हायोलिन. आपण 'सा, रे, ग, म' म्हणून अलंकार घोटून घेतो, त्याचाच हा भाऊ समजा.

या शिक्षणाने गोव्याच्या मुलांच्या हाती एक हुन्नर आला. ब्रिटिश हिंदुस्थानात पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांना साथ करणारे वाद्यवृंद, मोठी हॉटेले, सगळीकडे स्वरलेखन वाचून वाजवणारी माणसे हवी होती. गावात पोट भरेना म्हणून मुलगे मुंबईला गेले. धोबीतलाव भागात गावागावाच्या 'कूड' होत्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. तिथे एक पेटी ठेवायला जागा मिळे आणि कामाची बातमीही मिळे.

या वाटेने गेलेल्यांपैकी काही नावे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत. रेइश मागूशचे सेबास्तियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनी केली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेटवादक आणि वाद्यरचनाकार. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट त्यांनीच काढले. मडगावच्या बोर्डा भागातले ख्रिस पेरी यांनी जॅझ आणि कोकणी गीत यांचा मेळ घातला आणि लोर्ना यांच्या आवाजात ती गाणी घरोघर पोचली.

दोन शाळा एकत्र कशा बसल्या?

इथे थोडे तंत्र समजून घेऊ, कारण खरा पाठ याच ठिकाणी आहे.

आपल्या संगीतात मुख्य असते ती एक सुरावट. तानपुऱ्याचा षड्ज कायम असतो आणि गायक त्यावर एका वेळी एकेक स्वर घेत राग उभा करतो. पाश्चात्त्य संगीतात निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा मेळ साधतात. संगीतकार पेटीवर चाल सांगत असे. ती चाल ऐकून गोमंतकीय वाद्यरचनाकार कागदावर रेघा ओढून व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रम्पेटने कुठे उत्तर द्यायचे, गायक श्वास घेईल तिथली जागा कोणी भरायची, हे सगळे लिहून काढी. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचा कागद असे. दुसरीकडे तबला, ढोलकी, बासरी, सतार वाजवणारे वादक कागदावाचून, कानाने आणि आठवणीने वाजवीत.

तालाचेही तसेच. आपला केरवा आठ मात्रांचा. रॉक अँड रोलचा ठेका चार ठोक्यांचा आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ. म्हणून ढोलकीवाला आणि ड्रमवाला एकत्र चालू शकतात. फरक जोर कुठे द्यायचा याचा. केरव्यात पहिल्या मात्रेवर सम येते. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर दणका असतो. वर्गात अर्ध्या मुलांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरा ठेका टाळ्यांनी देऊन पाहावा. सुरुवातीला गोंधळ होईल, पण दहा मिनिटांत दोन्ही एकमेकांत बसतात.

त्या काळी आजच्यासारखे एकेकाचे वाजवणे वेगवेगळे मुद्रित करून जोडण्याची सोय नव्हती. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवीत. शेवटच्या ओळीत एकाचा सूर चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे शेजारच्याचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा शेजारातून काय निपजते याचे एक उदाहरण पाहा. १९५७ सालच्या 'आशा' चित्रपटात सी. रामचंद्रांनी रॉक अँड रोल धर्तीचे एक गाणे केले. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनी ते गायिले. त्यातल्या गमतीच्या शब्दांत कोकणीतले 'मला नको' अशा अर्थाचे शब्द आले आहेत आणि ते वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स या गोमंतकीय सहकाऱ्याने सुचवले, असे सांगितले जाते. सगळ्या देशाने ते गाणे म्हटले, त्यातली आपली कोकणी मात्र फार थोड्यांना ओळखू आली.

ज्यांची नावे पडद्यावर आली नाहीत

या हकीकतीला दुसरीही बाजू आहे आणि ती मुलांपासून लपवणे बरे नव्हे. चित्रपटाच्या सुरुवातीला संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई. व्हायोलिन वाजवणाऱ्या, ट्रम्पेट वाजवणाऱ्या बहुतेकांची नावे कुठेच येत नसत. दिवसाचे पैसे घ्यायचे आणि घरी जायचे. लोकांनी त्यांचे सूर ऐकले, पण त्यांना ओळखले नाही.

मजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण घ्या. जन्म १९२७. वडील गावच्या चर्चचे संगीत सांभाळीत, तेच त्यांचे पहिले गुरू. १९४३ साली मुंबईला येऊन ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पण केवळ मजुरीवर त्यांचे समाधान झाले नाही. चर्चमध्ये शिकलेल्या या माणसाला रागसंगीताची ओढ लागली. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि रागांवर आधारलेल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना मुंबईत सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायिले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ साली एका चित्रपटगीतात आलेले त्यांचे नाव ही त्या शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना. गाणे सर्वांना पाठ, पण त्या नावाचा खरा माणूस आपल्या गोव्यात राहत होता, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

आमची पाच मुले

एवढा अभ्यास झाल्यावर आम्ही त्या पाच मुलांना पुन्हा बोलावले. या वेळी वाजवायला सांगण्याआधी एकच प्रश्न लिहून आणायला सांगितला : "तुम्हाला संगीत पहिल्यांदा कोणी शिकवले?" उत्तरे वाचून आम्हाला आमच्याच नकाराची लाज वाटली.

कीबोर्ड वाजवणारी मुलगी आजोबांच्या मांडीवर बसून पेटी शिकली. आजोबा भजनाला पेटीची साथ करतात. ड्रम वाजवणारा मुलगा चौथीत असल्यापासून शिगम्याच्या रोमटात ताशा वाजवतो. घुमट वाजवणाऱ्याने चवथीच्या आरत्यांत वडिलांच्या शेजारी बसून हात बसवला. गिटारवाल्याला शेजारच्या काकांनी पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकवले. ते काका चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतात. आणि गाणाऱ्या मुलीने लिहिले होते, "माझी आई. ती धालो आणि फुगड्यांची गाणी म्हणते, ती ऐकून." पाच उत्तरांत 'बँड' हा शब्द एकदाही नव्हता. भजन, शिगमो, चवथ, चर्च आणि धालो, एवढीच नावे होती.

मग आम्ही त्यांचे वाजवणे ऐकले. ते चांगले होते असे म्हणणार नाही. ठेका पळत होता, गिटार आणि पेटीचा षड्ज जुळत नव्हता, घुमट तर ड्रमपुढे ऐकूच येत नव्हते. पण उणीव कुठे आहे ते आम्हाला आता कळले. प्रत्येकाकडे आपल्या घरची शिदोरी होती, दुसऱ्याची शिदोरी कोणी चाखली नव्हती. हे शिकवायला घर पुरत नाही, तिथे शाळा लागते.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

ज्या पालकांना गणिताच्या तासाची काळजी आहे, त्यांना आम्ही दोष देत नाही. दहावीचे वर्ष महत्त्वाचे आहे आणि संगीतावर पोट भरणे सोपे नाही, हे वरच्या हकीकतीतही दिसले. आमचे म्हणणे इतकेच की आठवड्याचा एक तास गेल्याने गणित सुधारेल याची खात्री नाही, आणि तो तास गेला तर आजोबांची पेटी आणि काकांचे व्हायोलिन यांना भेटायला गावात दुसरी जागा नाही. ज्या पालकांना भजन हवे, बँड नको असे वाटते, त्यांनी मुलांची ती पाच उत्तरे वाचावीत. ती संगीत खोलीबाहेरच्या फलकावर लावली आहेत.

बैठकीसाठी आम्ही तीन गोष्टी सुचवत आहोत. पहिली, आठवड्यातला संगीताचा एक तास नववीपर्यंत कायम ठेवावा. दहावीला तो पंधरा दिवसांतून एकदा असावा आणि परीक्षेआधीचे दोन महिने बंद राहावा. दुसरी, येत्या स्नेहसंमेलनात बँडला दहा मिनिटे द्यावीत, पण दोन अटींवर : प्रत्येकाने बँडमधल्या दुसऱ्या एकाच्या गुरूकडून एक चीज, एक ठेका किंवा एक आरती शिकून घ्यावी, आणि वाजवायची रचना आपल्या व पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींनी लिहून दाखवावी. तिसरी, शाळेत एक नोंदवही ठेवावी. कारापूर आणि आसपासच्या गावांत कोणी कोणाला पेटी, पखवाज, घुमट, ताशा, व्हायोलिन शिकवले, याची नावे मुलांनी घरोघर जाऊन त्यांच्या संमतीने लिहून आणावीत. मुंबईच्या वाद्यवृंदात गेलेल्यांची नावे पडद्यावर आली नाहीत, निदान आपल्या गावच्या गुरूंची नावे आपल्या वहीत असावीत.

निर्णय विश्वस्तांचा आहे आणि तो आम्ही मान्य करू. जो होईल तो पुढील अंकात छापू.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. केरवा आणि रॉकचा ठेका यांत साम्य कोणते आणि फरक कोणता? दोन्ही टाळ्यांनी देऊन दाखवा.

२. सी. रामचंद्र, चिक चॉकलेट आणि लता मंगेशकर यांची पहिली संगीतशाळा कोणती, ते तीन-तीन वाक्यांत लिहा.

३. गोव्याच्या नकाशावर हळदोणे, मंगेशी, मजोर्डा, रेइश मागूश, कुडचडे आणि कारापूर ही गावे दाखवा.

४. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. आता बकऱ्याचे लावतात. याचे कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या संदर्भात शोधा. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला कोणता दर्जा दिला, तेही लिहा.

५. घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीला विचारा : "तुम्हाला पहिले गाणे कोणी शिकवले?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. नोंदवहीचे पहिले पान या उत्तरांनी भरावे, अशी आमची इच्छा आहे.

— संगीत विभाग